वहिनीची सकाळची पॅकेजं

आमच्या वहिनीला कॉम्प्युटरमधलं काही कळतं असं ती स्वतः कधीच म्हणाली नाही. कुणी विचारलंच तर सांगायची, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मला फक्त आणता येतं." ती खोटं बोलत नव्हती. लागोपाठ दोन वर्षं ती सकाळी सातच्या ठोक्याला कॉलेजच्या ग्रंथालयात हजर व्हायची, इंटरनेटवरून पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामच्या फायली, उतरवून घ्यायची आणि दादाला पाठवून द्यायची. त्यातलं एकही पॅकेज काय करतं हे तिला सांगता आलं नसतं. आता माझ्या फोनवर काही बसवायचं झालं तर अंगठा टेकवला की काम संपतं. तेव्हा मला त्या सकाळी आठवतात आणि मी उगीच फोन हातात धरून बसून राहते. माझ्यासारख्या खाष्ट बाईला हे शोभत नाही, पण आहे ते आहे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, पाणी खात्यात तंत्रज्ञ. त्याची नेमणूक डोंगरातल्या एका धरणावर होती, घरापासून नऊ तासांवर. तिथे एक खोली, खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि टेबलावर एक जुना कॉम्प्युटर. कॉम्प्युटरच्या पोटात एक कार्ड बसवलेलं होतं आणि त्या कार्डातून निघालेल्या वायरी खाली पाण्यापर्यंत गेलेल्या. पाण्याची पातळी दर पंधरा मिनिटांनी आपोआप नोंदली जायची. कागदोपत्री हे सगळं आपोआप होतं, म्हणजे माणसाची गरज नव्हती. पण ते मशीन आठवड्यातून दोनदा गपकन थांबायचं आणि कुणीतरी बटण दाबून ते पुन्हा चालू करावं लागायचं. "आमचे चिरंजीव एवढे शिकले आणि बटण दाबायला डोंगरात जाऊन बसले," असं आमची आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

दोन महिन्यांतून तीन दिवस दादा घरी यायचा. त्याची मुलगी, आमची छोटी, तेव्हा चार वर्षांची होती. घरात ती सगळ्यांना एकेरी हाक मारायची, आजीलासुद्धा. दादा आला की मात्र दाराआड लपून मला हळूच सांगायची, "ते आलेत." हे ऐकलं की वहिनी काहीतरी शोधायच्या निमित्ताने आतल्या खोलीत जायची.

साहेबांनी दादाला एकदाच काय ते सांगून टाकलं होतं. मशीन माणसाचा हात न लागता सलग नव्वद दिवस चालून दाखवलं, तर तिथली जागा रद्द आणि दादाची बदली घरच्या गावी. मात्र हे नव्वद दिवस वर्षअखेरच्या आत भरले पाहिजेत, कारण जागांचा आढावा वर्षातून एकदाच घेतला जायचा. त्या दिवशी ऐंशी भरले असतील तर ते धरायचे नाहीत.

मशीन थांबायचं त्याचं कारण दादानं शोधलं होतं. तयार मिळणाऱ्या लिनक्सचं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ सिस्टीमचं, त्या जुन्या कार्डाशी जमत नव्हतं. इलाज एकच होता, तो म्हणजे सगळी सिस्टीम सोर्सपासून त्याच मशीनवर उभी करायची. मला समजलं ते असं: तयार प्रोग्राम म्हणजे दुकानातलं पीठ आणि सोर्स म्हणजे धान्य. धान्य आपल्या जात्यावर आपल्याला हवं तसं दळून घ्यायचं, त्याला कंपाइल करणं म्हणतात. आणि एकदा दळायला बसलं की मध्येच उठून धान्य आणायला जायची सोय नाही, म्हणून सगळं आधी जमवून ठेवायचं. धरणावर इंटरनेट नव्हतं. फोन होता तोही गेटवरच्या चौकीत, आणि त्यात माणसापेक्षा खरखर जास्त ऐकू यायची. मग दळणारा तिकडे आणि धान्य आणणारी इकडे, अशी नवराबायकोत वाटणी झाली.

वहिनी कॉलेजच्या ग्रंथालयात क्लार्क होती. पुस्तकं देणं, घेणं, फाटलेल्यांना डकवणं. तिथे इंटरनेट असलेला एकच कॉम्प्युटर होता, आणि दिवसभर त्याच्यापुढे विद्यार्थी नंबर लावून बसायचे. ग्रंथपाल बाईंनी परवानगी दिली ती सकाळी सात ते नऊची. "वाचक आले की उठायचं, मध्येच लटकलेलं असलं तरी," असं बजावून.

दादानं पत्रातून यादी पाठवली. त्रेसष्ट पॅकेजं. प्रत्येकापुढे नाव, आवृत्तीचा आकडा, आकारमान आणि शेवटी बत्तीस अक्षरांची एक अगम्य ओळ. ती ओळ म्हणजे पॅकेजची खूण. उतरवलेल्या फायलीतून कॉम्प्युटर तशीच ओळ काढून दाखवतो आणि दोन्ही ओळी जुळल्या तर फाईल धड आली असं समजायचं. वाटेत एक अक्षर जरी सांडलं तरी ओळ पार बदलून जाते.

त्या वर्षी माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं. का मोडलं ते इथे सांगत नाही, त्यात माझ्या जिभेचा हात होता एवढं पुरे. मी शिकवायचे ती शाळा दुपारची. सकाळभर मी घरात बसून आईवर, दूधवाल्यावर, भिंतीवरच्या घड्याळावर चिडायचे. एके दिवशी वहिनी चप्पल घालता घालता म्हणाली, "मास्तरीणबाई, नुसती जिभेला धार लावत बसण्यापेक्षा माझ्याबरोबर चला. मला वाचणारं कुणीतरी हवंय." लग्न होऊन या घरात आल्यापासून ती मला मास्तरीणबाईच म्हणते, आणि अहो-जाहो करते. आधी थट्टेनं, मग सवयीनं.

ग्रंथालयाला मागून एक जिना होता. शिपाई काका कुलूप काढायचे, आत बंद पुस्तकांचा वास असायचा. वहिनी कॉम्प्युटरवरचं कापड काढून घडी घालायची, मग फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारा मोडेमचा डबा चालू करायची. तो आधी शिट्टी मारायचा, मग खाकरायचा, मग लागला तर लागायचा. एक एमबी उतरायला सहा मिनिटं, तीही लाइन खुशीत असेल तर. पडद्यावर आकडा एक एक टक्क्यानं सरकायचा आणि आम्ही दोघी दुधावर लक्ष ठेवावं तशा त्याच्यावर डोळा ठेवून बसायचो. लाइन तुटली की वहिनी न वैतागता पुन्हा जोडायची आणि जिथे तुटलं तिथून पुढे चालू करायची. एवढी एक कमांड मात्र तिला झोपेतून उठवली तरी येत होती.

फाईल उतरली की वाचन. मी दादाच्या यादीतून वाचायचे, ती पडद्यावर बोट ठेवून जुळवायची. "बी, सात, सात, ई, शून्य, चार..." "हं." "एफ, एफ, दोन..." "थांबा. एफ की ई?" "एफ." "हं, चला." बत्तीसच्या बत्तीस, त्रेसष्ट वेळा. ओळ जुळली की ती यादीत पेन्सिलीनं बारीक टिंब द्यायची. घरी एकदा रविवारी, कागदावर उतरवून आणलेल्या राहिलेल्या ओळी आम्ही स्वयंपाकघरात बसून जुळवत होतो, तर आई बाहेरून म्हणाली, "या वयात पाढे कसले पाठ करताय?" पुढे छोटी मोठी होऊन इंजिनिअर झाली, तेव्हा तिनं सांगितलं की हे सगळं जुळवायचं काम कॉम्प्युटर स्वतःच एका फटक्यात करतो. वहिनी हसून म्हणाली, "करत असेल बाई. पण तो आमच्याशी गप्पा मारत नव्हता."

खरंच, गप्पा फार व्हायच्या. दादाशी लग्न ठरलं तेव्हा त्यानं तिला पहिला प्रश्न काय विचारला, तिच्या माहेरी भांडण झालं की कोण कुणाशी अबोला धरायचं, मोडलेल्या लग्नाचं मला नेमकं काय दुखतं. टक्के सरकत असताना माणूस पडद्याकडे बघतो, समोरच्याकडे बघत नाही, त्यामुळे बोलणं सोपं जातं. दीड महिन्यात बासष्ट पॅकेजं झाली आणि माझा आवाज घरात जरा खाली आला असं आई म्हणाली.

त्रेसष्टावं होतं कर्नल. सिस्टीमचा गाभा, आणि यादीतलं सगळ्यात अवजड धूड. नेमका त्याच आठवड्यात छोटीला ताप भरला. वहिनी तिच्या उशाशी बसलेली, आणि शनिवारी धरणावर जीप जाणार होती. जीपच्या ड्रायव्हरकडे सगळी पॅकेजं भरलेली डिस्क द्यायची ठरलेली. दादानं हिशोब पाठवला होता: या शनिवारी डिस्क मिळाली, आठवड्यात कंपाइल झालं, तर वर्षअखेरपर्यंत ब्याण्णव दिवस उरतात. म्हणजे हाताशी फक्त दोन दिवस जास्तीचे. "मी जाते," मी म्हणाले. "दीड महिना बघतेय, मला येतं."

आणि येत होतं. मी गेले, मोडेम लावला, पान उघडलं. दादाच्या यादीत आवृत्तीचा शेवटचा आकडा होता अठरा. पडद्यावर सगळ्यात वर होता वीस. अठरावी आवृत्ती खाली कुठेतरी जुन्यांच्या ढिगात पडलेली. आता मी शाळेतली बाई. आमच्याकडे नवं पुस्तक लागलं की जुनं रद्दीत जातं, आणि जुन्यातून उत्तर लिहिलेल्या पोराला मी भोपळा देते. मला वाटलं, दादा डोंगरात बसलेला, त्याला कुठून कळणार नवीन आलंय ते. पर्समध्ये लाल पेन होतंच. मी अठरावर पट्टीनं मारावी तशी सरळ रेघ मारली, वर वीस लिहिलं, साइटवरची बत्तीस अक्षरांची नवी ओळ शेजारी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली, आणि तीन सकाळी खपून ते धूड उतरवलं. ओळ जुळवली. जुळणारच होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी दरवर्षी सातवीला शिकवते.

शुक्रवारी वहिनी घाईघाईत येऊन डिस्क बनवून गेली. "सगळं जुळलं ना?" तिनं विचारलं. "एकूण एक अक्षर," मी सांगितलं. शनिवारी जीप गेली.

पुढच्या शनिवारी दुपारी फोन आला. चौकीतल्या त्या फोनवर दादा इतक्या मोठ्यानं बोलायचा की आमच्या अख्ख्या खोलीला ऐकू यायचं. सहा दिवस मशीन दळत होतं. बासष्ट पॅकेजं बिनबोभाट झाली. कर्नल शेवटी करायचं असतं, आणि कार्ड चालावं म्हणून त्याच्या सोर्समध्ये जी दुरुस्ती डकवायची होती ती फक्त अठराव्या आवृत्तीवर बसत होती. "विसावी आलीय," दादा म्हणाला. "मी अठरावी लिहिली होती ना? बघ जरा यादीत."

वहिनीनं रिसीव्हर टेबलावर ठेवला, कपाटातून फाईल काढली आणि शेवटचं पान उघडलं. मी तिच्या खांद्याशी उभी होते. त्या पानावर ओळीनं पेन्सिलीची टिंबं आणि खाली माझी लाल शाई. तिनं पान बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. फाईल मिटून तिनं रिसीव्हर उचलला.

"अठराच लिहिलंय तुम्ही," ती म्हणाली. "माझ्या हातून झालं. नवीन दिसलं म्हणून तेच घेतलं."

खरखरीतून दादा म्हणाला, "बरं. असू दे. छोटीचा ताप उतरला का?"

मी त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. मूग गिळून उभी राहिले, आणि मग उभी राहिलेली माणसं पुढे तशीच उभी राहतात. अठरावी आवृत्ती उतरवून पुढच्या जीपनं गेली. मशीन चाललं, आणि छान चाललं. वर्षअखेरीला त्याचे ब्याऐंशी दिवस भरले होते. दादा साहेबांना भेटला. साहेब म्हणाले, "ब्याऐंशी म्हणजे नव्वद नव्हेत." दादाचं आणखी एक वर्ष त्या खोलीत लिहिलं गेलं.

साहेबांचं उत्तर कळल्यावर वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तिनं माझ्या दारावर टकटक केली. "येताय ना?"

कारण काम पुन्हा पहिल्यापासून होतं. ऑफिसला नेमकी त्याच वर्षी सुबुद्धी सुचली आणि त्यांनी धरणावर नवं कार्ड पाठवलं. नव्या कार्डाला जुना संच चालेना. दादाची नवी यादी आली, आता अडुसष्ट पॅकेजं. वहिनीनं यादीचं एकेक पान पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, चारी बाजूंनी टेप लावला. वाचता येईल, पण वर काही लिहिता येणार नाही. असं का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. टिंबं ती आता वेगळ्या वहीत द्यायला लागली.

त्या वर्षी छोटी शाळेत जाऊ लागली. पहिल्या दिवशी तिला सोडायला मी गेले, कारण वहिनी मोडेमशी झगडत होती. पाचव्या वाढदिवसाला दादाला रजा मिळाली नाही. वहिनीला केसांत पांढऱ्या बटा दिसायला लागल्या. यातल्या प्रत्येक गोष्टीला माझ्या मनात एकच कारण होतं. आणि तरी खरं सांगते, त्या वर्षातल्या सकाळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या सकाळी आहेत. मी एका बाईचं वर्ष खाल्लं होतं आणि तिच्याच शेजारी बसून, शिपाई काकांनी आणलेला चहा पीत, हसत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण चांदण्यातसुद्धा माणूस सुखी असू शकतो हे मला तेव्हा कळलं, आणि त्याची लाजही वाटली.

दादाची पत्रं दर आठवड्याला यायची. पॅकेजं, आकडे, छोटीसाठी कागदाच्या कडेला काढलेला बेडूक. गेल्या वर्षीच्या चुकीबद्दल त्यानं एका अक्षरानं विचारलं नाही. नवी यादी पाठवतानासुद्धा "या वेळी नीट बघ" असं लिहिलं नाही. वहिनी पत्र वाचून घडी घालायची आणि ब्लाउजमध्ये ठेवायची.

या वेळी डिस्क गेल्या खेपेपेक्षा तीन महिने आधी गेली. अडुसष्टच्या अडुसष्ट दळली गेली. मग नव्वद दिवस आम्ही कुणी मोठ्यानं मोजले नाहीत, पण आईसकट प्रत्येकाला आकडा माहीत होता. मशीन एकशे चार दिवस एका दमात चाललं. साहेबांनी सही केली. एका गुरुवारी दुपारी दादा ट्रंक आणि गुंडाळलेली गादी घेऊन रिक्षातून उतरला, आणि छोटीनं दारातून आत ओरडून सांगितलं की ते आता राहणारेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला सवयीनं जाग आली. तोंड धुऊन, चप्पल घालून मी दारापर्यंत गेले आणि मग आठवलं की कुठेही जायचं नाही. स्वयंपाकघरात वहिनी चहा टाकत होती. दादा आत झोपलेला. मी पाटावर बसले. वर्षभर मनात अडकलेलं एकदम बाहेर आलं.

"ती लाल शाई माझी होती."

"लाल शाई या घरात आणखी कुणाची असणार?" तिनं मागे न बघता विचारलं.

"मग तू स्वतःवर का घेतलंस?"

"तुमचं नाव सांगितलं असतं, तर तुम्ही पुन्हा त्या यादीला हात लावला नसता. ओळखते मी तुम्हाला. आणि एकटीनं मला ते झेपलं नसतं." तिनं गॅस बारीक केला. "राग आला नव्हता असं समजू नका. भयंकर आला होता. दोन दिवस तुमचं तोंड बघवत नव्हतं. पण रागावून फायली उतरत नाहीत."

मी रडत होते. तिनं पदरानं नव्हे, हातातल्या ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसलं, त्याला आल्याचा वास येत होता.

"मी आज दादाला सांगणार आहे," मी म्हणाले. "तो उठला की लगेच. वर्षभर त्याला वाटतंय तुझी चूक होती. ते बरोबर नाही."

वहिनी माझ्यासमोर बसली. हातातलं फडकं घडी घालून तिनं मांडीवर ठेवलं.

"नका सांगू. तुमच्या भावाला वाटतंय माझ्यामुळे त्यांचं वर्ष गेलं. आणि वर्षभरात त्यांनी एकदाही, एका शब्दानं मला बोल लावला नाही. दुसऱ्या क्षणाला छोटीचा ताप विचारला. माझ्या लग्नात मला मिळालेलं सगळ्यात मोठं ते आहे, मास्तरीणबाई. तुम्ही खरं सांगितलंत तर त्यांनी माफ केलेलं ते तुमचं होईल. मला राहू द्या."

आत दादा उठल्याचा आवाज आला. तिनं तीन कप भरले आणि त्यातला एक माझ्या हातात दिला, त्याला नेऊन द्यायला. मी नेऊन दिला. त्यानं विचारलं, "डोळे का लाल?" मी म्हणाले, "कांदा चिरत होते."

चहाला कांदा कुठे लागतो, असं त्यानं विचारलं नाही. मीही त्याला आजपर्यंत काही सांगितलेलं नाही.